तिन्हीसांजेचा खोकला

माझं माहेर वडगाव, सासर शहापूर. एका घरच्या हातमागाची खटखट सोडून दुसऱ्या घरच्या खटखटीत येऊन बसले, एवढाच काय तो माझ्या लग्नाचा प्रवास. पाठवणीला आई रडली, मीही रीत म्हणून रडले, आणि पुढच्याच बाजाराच्या दिवशी ती सूत घ्यायला आली तेव्हा आमच्या दारात डोकावून चहा पिऊन गेली. शहापूर तेव्हा संस्थानात होतं आणि लागूनच असलेलं बेळगाव इंग्रजांच्या ताब्यात. पुरुष माणसं त्यावर तावातावानं बोलत. आम्हा बायकांना दोन्हीकडं चूल सारखीच फुंकावी लागायची.

सासरी माणसं मोजकी होती. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. सासरे, ज्यांना सगळं घर आप्पा म्हणायचं, थोरले दीर, त्यांची बायको, माझा नवरा आणि मी. पुढच्या सोप्यात दोन खड्डामाग होते. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून विणकर बसतो आणि पायानं पावड्या दाबतो. एका मागावर आप्पा, दुसऱ्यावर दीर. माझ्या नवऱ्याकडं ताणा, म्हणजे लुगड्याचं उभं सूत, तयार करणं आणि तयार लुगडी पेठेत पोचवणं. मागच्या सोप्यात आम्ही दोघी जावा राहाट फिरवत कांड्या भरत बसायचो. कांडी म्हणजे सुताची छोटी नळी. ती धोट्यात बसते आणि लुगड्यात आडवं सूत सोडत जाते. कांड्या संपल्या की पुढून आप्पांची हाक यायची, "कांड्याऽऽ!" आम्हा दोघींची नावं त्यांना ठाऊक नसावीत असं मला बरेच दिवस वाटायचं.

थोरल्या जावेला मी आक्का म्हणायचे. तिच्या आधी तिच्या खोकल्याशी माझी ओळख झाली. वरात दारात आली, वाजंत्री थांबली, आणि आतून तो आवाज आला. खोल, ओला, विहिरीत घागर बुडवावी तसा. मला ओवाळायला शेजारच्या एक काकू पुढं झाल्या. घरची थोरली सून मागं भिंतीला टेकून उभी होती, पदर तोंडावर धरून. मी मनात म्हटलं, हिला मी आवडले नाही. मला राग फार लवकर येतो, आजही येतो.

दुसऱ्या दिवशी तीच माझ्याजवळ राहाट घेऊन बसली, पण हातभर लांब.

"भिऊ नको गं," ती म्हणाली. "लहानपणी गोवर छातीत उतरला, तवापास्नं हाय ह्यो. माझं ताट येगळं, तांब्या येगळा. तुला काय लागायचं न्हाय."

"मी काही भीत नाही," मी फणकाऱ्यानं म्हटलं.

"मंग वाईच जवळ सरक. तुझा राहाट कुरकुर करतोय, तेल घालतो."

आमच्याकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. तिनं राहाटाला तेल घातलं, आणि त्या दिवसापासून मी तिच्या पक्षात गेले. माझं मन वळवायला तेलाचे दोन थेंब पुरले, हे तिनं पुढं जन्मभर सगळ्यांना सांगितलं.

आक्का निपाणीची. हाडापेरानं उंच, अंगानं किडकिडीत, बोलायला सावकाश. मी दहा वाक्यं बोलून दमायचे तेव्हा ती एक बोलायची आणि ते एकच लोकांच्या लक्षात राहायचं, याचा मला हेवा वाटायचा. हसायला लागली की हमखास खोकला यायचा, म्हणून ती हसू दाबायची, आणि मी मुद्दाम तिला हसवायचे. दिवसभर आम्ही सूत भरायचो, ती खोकायची, राखेच्या मडक्यात थुंकायची, वर राख ओढायची, पुन्हा सूत धरायची.

तिच्या औषधाची एक ठरलेली रीत होती. बायकांनी दवाखान्यात जायचं नाही. दीर रिकामी बाटली घेऊन बेळगावात कॅम्पातल्या डॉक्टरांकडं जायचे, काय होतंय ते सांगायचे, आणि कंपाउंडर बाटली भरून द्यायचा. बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी असायची, एकेका खुणेला एकेक डोस. एकट्या आमच्याच घरची नव्हे, साऱ्या गल्लीची हीच रीत. कितीतरी बायका डॉक्टरांचं तोंड न बघता त्यांचं औषध पीत म्हाताऱ्या झाल्या.

ते तपकिरी औषध आक्काला मुळीच मानवत नव्हतं.

"ह्येनं खोकला थांबतो," ती मला म्हणायची, "पण आतलं आतच ऱ्हातं. मंग ताप येतो, आन वास सुटतो. मला थांबवायचा न्हाय गं, काढायचाय. ह्ये त्यास्नी कोण सांगणार?"

"भावजींना सांग."

"सांगितलं. त्ये म्हणतात, खोकला लागलाय तर थांबवायचंच औषध देणार, काढायचं कोण दील."

दीर वाईट नव्हते. तिच्यावर त्यांचा जीव होता; पेठेतून येताना तिच्यासाठी लिमलेटच्या गोळ्या आणून राहाटाखाली ठेवायचे आणि आपण त्या गावचेच नाही असं दाखवायचे. पण आप्पांसमोर त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. आणि गल्लीत आता एकच शब्द फिरत होता, क्षय. आक्काला मूल नव्हतं. खानापूरकडच्या एका नातेवाइकांनी दिरांसाठी मुलगी सुचवली होती. थोरलीला निपाणीला भावाकडं कायमचं धाडायचं आणि दुसरी करायची, असं आप्पांच्या मनानं घेतलं होतं. ते दुष्टपणानं नव्हे. घरात क्षय असला की लुगडी कोण घेणार, धाकट्या सुनेला उद्या पोर झालं तर काय, ही काळजी. पण काळजी त्यांची आणि घर सुटणार होतं आक्काचं.

तिचा भाऊ निपाणीत तंबाखूच्या वखारीत होता. घरही वखारीला लागून. "तितं चार शिंका दिल्याबिगर माणूस उंबऱ्याच्या आत जात न्हाय," आक्का म्हणायची. "त्या धुराळ्यात मी एक उन्हाळा काडणार न्हाय." हे ती रडून नव्हे, भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तसं सांगायची.

विणकरांचे माग अमावास्येला बंद असतात. अशाच एका अमावास्येला पुरुष माणसं देवाला गेली होती आणि आम्ही दोघी पुढचा सोपा झाडत होतो. एक भरलेली कांडी घरंगळून आप्पांच्या मागाच्या खड्ड्यात पडली. आक्का खड्ड्याच्या काठावर उपडी झोपली, कमरेपासून वरचं अंग खाली सोडलं आणि हात लांब करून कांडी शोधायला लागली. आणि तिला असा खोकला आला की मी केरसुणी टाकून धावले. पडदा फाटल्यासारखं छातीतलं सगळं सुटून आलं. मी तिचे पाय धरून ओरडत होते, "आक्का, वर ये, मरशील!" ती खालून हातानं मला थांब म्हणून खुणावत होती.

वर आली तेव्हा चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी, आणि ओठांवर हसू.

"कांडी घावली," ती म्हणाली. मग एक मोठा श्वास घेतला, आणि थांबून पुन्हा घेतला. "अगं, बघ. शिट्टी वाजंना झालीया."

खरंच तिच्या छातीतली घरघर थांबली होती. त्या दिवशी ती माझ्याबरोबर पोटभर हसली आणि एकदाही खोकली नाही. मला वाटलं ही बरी झाली. तिला तसं वाटलं नाही. ती म्हणाली, "बरणीत तळाला काय बसलं तर बरणी उलटी करतो का न्हाय आपण? तसं हाय ह्ये."

मग आमचा रोजचा चोरटा कार्यक्रम सुरू झाला. पहाटे पुरुष माणसं परसात गेली की आक्का खड्ड्यावर उपडी व्हायची, खाली राखेचं मडकं ठेवलेलं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मी दाराशी बसून रिकामाच राहाट गरागरा फिरवायचे. इतक्या लवकर कामाला लागणाऱ्या सुना म्हणून आप्पांनी माझ्या नवऱ्याजवळ आमचं कौतुक केलं होतं. ते त्यांनी आमच्यासमोर केलं असतं तर मला तिथंच हसू फुटलं असतं. ताप कमी झाला. आक्काची भाकरी अर्ध्याची एक झाली. तपकिरी औषध ती परसातल्या कर्दळीला घालायची.

एके पहाटे आप्पा तंबाखूची चंची विसरले म्हणून परतले. मी दारात बसून राहाट फिरवत होते. तो त्यांनी पायानं बाजूला सारला आणि आत गेले. त्यांना दिसलं ते असं: सुनेचे दोन पाय वर आणि बाकीची सून खड्ड्यात. ते "अगं थोरलेऽ" म्हणून किंचाळले. पडली असं वाटून त्यांनी तिचे पाय ओढले, मी तिचा हात ओढला, आणि मडकं कलंडलं.

मग काय झालं असेल ते सांगायला नको. माग म्हणजे आमच्या घरचा देव. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू, झेंडूची माळ, नैवेद्य. त्या मागाच्या पायाशी क्षयाची थुंकी! आप्पांचा आवाज पार अनगोळच्या वाटेपर्यंत गेला असेल. त्यांनी खड्डा शेणानं सारवून घेतला, गोमूत्र शिंपडलं, दिवसभर माग बंद ठेवला आणि संध्याकाळी निकाल सांगितला.

"थोरले, तुझ्या भावास्नी निरोप धाडतो. येत्या आठवड्यात निपाणीला जायाचं. आता लई झालं."

दीर खाली मान घालून बसले होते. मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. आक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पदर डोक्यावर होता, पण तोंडावर नव्हता.

"जातो आप्पा," ती म्हणाली. "पर एक मागतो. डाक्तरानं मला एकदा बगू दे. इतकी वर्सं औषद माझ्या पोटात जातंय, आन मी त्यास्नी दिसलोबी न्हाय. क्षय हाय म्हणाले तर मी आपणहून टांग्यात बसतो."

आप्पा तापट होते, पण मागणं रास्त आहे की नाही एवढं त्यांना कळायचं.

"बरं," ते म्हणाले. "येकदा."

टांग्यात पुढं आप्पा, मागं आम्ही दोघी, आणि दीर चालत, कारण जागा नव्हती आणि त्यांना तेच बरं वाटलं असावं. दवाखान्यात बाकावर सगळे पुरुष, प्रत्येकाच्या हातात रिकामी बाटली. आम्हाला बघून ते सरकले आणि उगाच भिंतीकडं बघायला लागले. डॉक्टर कानडी घरातले, वयस्क, मराठी बेतानं बोलणारे. त्यांनी आप्पांना खुर्ची दिली. आक्का त्यांच्या मागं उभी, मी तिच्या मागं.

विचारणं आप्पांना, सांगणं आप्पांचं, तेही कानडीत. बाईमाणसाला कळू नये म्हणून. शहापुरात सूत विकायला येणारे व्यापारी कानडी, शेजार कानडी. आम्हा दोघींना सगळं कळत होतं. डॉक्टरांनी विचारलं, खोकला कधी वाढतो? आप्पा म्हणाले, तिन्हीसांजेला. दिवसा काही नाही. दिवे लागले की सुरू होतो, तो रात्रभर. डॉक्टरांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, तुमचे चिरंजीवही नेहमी असंच सांगतात. दिवस कलला की खोकला, रात्री ताप. दुसरं काय असणार? आणि क्षयासाठी जो शब्द आहे तो त्यांनी हळूच उच्चारला.

मी आक्काकडं बघितलं. मला वाटलं ती आता खाली बसणार. ती आप्पांच्या खुर्चीच्या पुढं आली.

"आप्पा," ती मराठीत म्हणाली, "सांजंला आपल्या घरात काय थांबतं, ते सांगा की डाक्तरास्नी."

"काय थांबतं?"

"माग थांबतो. दोनी माग. खोकला माझा सकाळधरनं चालूच असतोय, सगळ्यात जास्ती तर पहाटं, तुमी परसात आसता तवा. दिवसा खटखटीत तुमास्नी ऐकू येत न्हाय. दिवे लागल्यावर माग बंद हुतो, मंग तुमास्नी खोकला ऐकू येतो, आन तुमी म्हणता, सांजंला सुरू झाला."

दाराशी उभ्या दिरांनी कपाळाला हात लावला. मला आधी हसू आलं आणि मग भयंकर राग आला. बाप आणि मुलगा, दोघंही मनापासून खरं तेच सांगत होते; त्यांच्या कानांनी त्यांना दिलेलं खरं. त्या खऱ्यावर माझ्या आक्काला गाव सोडायला लावणार होते. ती दिवसभर खोकते हे मला ठाऊक होतं, पण दवाखान्यात जाऊन पुरुष काय सांगतात हे मला कधी कळायचं कारणच नव्हतं.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी आप्पांना हात जोडून उठवलं आणि खुर्चीकडं बोट केलं.

"बसा बाई. आता तुम्ही सांगा."

आक्का बसली. तिनं सांगितलं की पहाटे सगळ्यात जास्त सुटतं. उजव्या कुशीवर झोपलं की येतं, म्हणजे साठतं ते डाव्या अंगाला. तपकिरी औषधानं आत कोंडतं आणि ताप येतो. ताप सांजेचा नव्हे, कोंडलं की केव्हाही. बेडक्याचा रंग कसा, वास कधी सुटतो, तेही तिनं न लाजता सांगितलं. मध्येच दम लागला तेव्हा थांबली. मी पुढं बोलायला तोंड उघडलं तर तिनं हात वर करून मला गप्प केलं. मला! मी तिच्याच बाजूनं बोलणार होते.

डॉक्टरांनी तिची बोटं हातात घेऊन नखं नीट बघितली. पुढून फुगून गोल झालेली ती बोटं सूत ओढून ओढून तशी झाली असं आम्ही सगळे समजत होतो. ते म्हणाले, ही खूण छातीची आहे, सुताची नव्हे. मग त्यांनी पाठीला नळी लावली आणि डाव्या बाजूला खाली बराच वेळ ऐकत राहिले.

"उलटं होऊन येतं म्हणालात. उलटं म्हणजे कसं?"

तिथं कोपऱ्यात उंच टेबल होतं. आक्का काही न बोलता त्यावर उपडी झोपली आणि डोकं खाली सोडलं. आप्पांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. डॉक्टरांनी स्वतः भांडं पुढं केलं, आणि तिची उसळ थांबेपर्यंत धरून उभे राहिले. मग म्हणाले, बरोबर करता, पण थोडं उजव्या कुशीला वळा, आणि पाठीवर कुणाला तरी ओंजळीच्या हातानं थापट्या मारायला सांगा. तपकिरी औषध बंद. "मला खोकला थांबवायला सांगितलं होतं, मी थांबवत होतो," ते म्हणाले. बेडका तपासायला ठेवून घेतला, आणखीही काही दिवस सकाळचा आणून द्यायला सांगितलं.

ते दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. आक्कानं तिची पत्र्याची पेटी भरून ठेवली होती, कारण तिनं शब्द दिला होता. निकालाच्या दिवशी आप्पा म्हणाले, आम्ही जाऊन येतो. ती म्हणाली, "निकाल माझा हाय." पुन्हा आधीसारखेच सगळे गेलो.

क्षयाचे जंतू दिसले नव्हते. डॉक्टर म्हणाले, कधीच नाहीत असं छातीठोक सांगणार नाही, पण इतक्या वेळा बघून दिसले नाहीत. हे गोवरानंतरचं जुनं दुखणं आहे; फुप्फुसातल्या वाटा रुंद झाल्यात, तिथं पू साठतो. रोज काढायचा. बरं होणार नाही.

"किती दिस?" आक्कानं विचारलं.

"ठाऊक नाही, बाई. सांभाळलंत तर पुष्कळ. धुरळ्यापासून लांब राहा."

टांग्यात बसल्यावर ती मला म्हणाली, "चांगला हाय माणूस. ठाऊक न्हाय म्हणाला."

मला वाटलं जिंकलो. पण आप्पा घरी येऊन हातपाय धुऊन सोप्यात बसले आणि म्हणाले, "क्षय न्हाय, बरं झालं. पर रोग जाणार न्हाय म्हणतोय डाक्तर. पोरबाळ न्हाय. मंग निपाणीलाच ऱ्हायलं तर काय वाईट? मानसं तिचीच हाईत की."

आता मात्र मी बोलणार होते. शब्द अगदी जिभेच्या टोकावर आले होते. आक्का माझ्याआधी बोलली. ती आप्पांशी नव्हे, दिरांशी बोलली. सगळ्यांसमोर तिनं त्यांच्याशी बोललेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"माझं मी डाक्तराम्होरं सांगितलं. तुमचं तुमी सांगा. मी हितं ऱ्हायला पायजे का नगो?"

दीर उठले. त्यांनी तिची पेटी उचलली, आत नेऊन फळीवर ठेवली, आणि परत येऊन बापासमोर उभे राहिले. घाम आला होता माणसाला.

"आप्पा, मी दुसरी करणार न्हाय," ते म्हणाले. "पाठीवर थापट्या मी मारतो. डाक्तरानं मला दाखवलंय." आणि एवढं बोलून माणूस तडक मागावर जाऊन बसला. त्या दिवशी विणलेलं सगळं त्यांना नंतर उसवावं लागलं, पण मला ते आयुष्यात पहिल्यांदा देखणे वाटले.

आप्पा हट्टी होते. मागाच्या खड्ड्यात काही झालं तरी नाही, यावर ते ठाम राहिले. तिसऱ्या दिवशी मात्र कुदळ घेऊन मागच्या सोप्यात आपल्या हातानं खणायला लागले. मागाच्या खड्ड्याच्याच मापाचा दुसरा खड्डा, काठ गुळगुळीत सारवलेला. गल्लीत बातमी पसरली की आमच्याकडं तिसरा माग बसतोय. लोक विचारायला यायचे, माग कुणाकडून घेतला, विणणार कोण? आप्पा आठवडाभर "बगू, बगू" म्हणत टाळत राहिले. शेवटी एक खवचट गृहस्थ आत जाऊन खड्डा बघून आले आणि म्हणाले, ह्याला माग कुठाय? तेव्हा आप्पा भडकले.

"माग न्हाय त्याला! थोरलीचा खड्डा हाय. ती तितं छाती साफ करती. क्षय न्हाय तिला. काय इचारायचं आसंल तर तिला जाऊन इचार, मला नगो!"

तो माणूस तिला विचारायला गेला नाही. पण हळूहळू बायका यायला लागल्या. कुणाचा खोकला, कुणाचं अंगावरून जाणं, कुणाच्या पोटातली गाठ. आक्काला औषध ठाऊक नव्हतं आणि तसं ती स्वच्छ सांगायची. ती एवढंच विचारायची, "तुज्या घरचा दवाखान्यात जाऊन काय सांगतो, ठावं हाय का तुला?" बहुतेकींना ठाऊक नसायचं. मग ती म्हणायची, "आदी त्ये इचार. मंग येकदा आपण जाऊ." आणि खरंच जायची, पदर खोचून, बाकावरच्या पुरुषांना सरकवून. मी सोबत असायचेच. माझ्यासारख्या भांडखोर बाईचा तिथं फार उपयोग व्हायचा.

ताटतांब्या मात्र तिनं स्वतःच वेगळा ठेवला. मी वाद घातला, रुसले, एक दिवस तिचं ताट लपवून ठेवलं. ती म्हणाली, "डाक्तर छातीठोक न्हाय म्हणाला. मंग मीबी न्हाय म्हणत." माझ्या मुलांना तिनं पाठीवर घेतलं, मांडीवर घेतलं, पण तोंडाला तोंड कधी लावू दिलं नाही. पोरं तिच्यावर माझ्यापेक्षा जास्त जीव टाकायची आणि मी ते खपवून घेतलं.

पहाटे दिरांच्या थापट्यांचा आवाज घरभर जायचा. विणकराचा हात, ठेका चुकायचा नाही. काही वर्षं चांगली गेली, काही वाईट. हिवाळा तिला जड जायचा. एकदोनदा रक्तही पडलं. महायुद्ध आलं, सूत मिळेना, माग अर्धे दिवस बंद पडले. ते डॉक्टर म्हातारे होऊन धारवाडकडं मुलाकडं गेले. पेठेत झेंडे, सभा, मिरवणुका वाढल्या.

स्वातंत्र्याच्या आदल्या हिवाळ्यात आक्का फार आजारी पडली. ताप उतरेना, ओठ निळसर झाले, खड्ड्यापर्यंत जायची ताकद राहिली नाही. नवे तरुण डॉक्टर घरी आले. हुशार होते, लढाईच्या वेळी निघालेली नवी सुई त्यांच्याजवळ होती. त्यांनी तिची नाडी बघितली, छातीला नळी लावली, मग दिरांकडं वळले.

"ताप कधीपासून? बेडका कसा पडतो?"

दीर गप्प. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी गप्प. दिवसरात्र मीच तिच्या उशाशी होते, मला सगळं पाठ होतं. तरी माझं तोंड उघडेना. डॉक्टरांना वाटलं असेल, काय अडाणी माणसं आहेत.

आप्पा खांबाला टेकून बसले होते. नजर गेलेली, कान निम्मे गेलेले.

"डाक्तर," ते म्हणाले, "त्येंना कशाला इचारता? तिला इचारा."

"आजोबा, त्यांना बोलवत नाही. दम लागलाय."

"मंग थांबा की वाईच. दम खाऊ दे तिला. आमी सगळी थांबतो."

डॉक्टरांनी घड्याळाकडं बघितलं, मग आमच्याकडं. कुणी हलेना. त्यांनी बॅग खाली ठेवली. आक्कानं डोळे उघडले. दिरांनी तिला पाठीशी हात घालून थोडं उचललं, मी उशी सरकवली. एक श्वास झाला, दुसरा झाला, तिसऱ्याला ओठ हलले.

"बसा," ती डॉक्टरांना म्हणाली. "लांबडं हाय."

मी पाट पुढं सरकवला. डॉक्टर त्यावर बसले.